दिवाळीत वायरमनचे आभार मानायचेत? मग आधी गिझरचं टाइमटेबल लावा

चार वर्षांपूर्वीची नरकचतुर्दशी. पहाटे पावणेपाचला आमच्या कॉलनीची लाईट गेली. कराडच्या बाहेर आमची साठ घरांची कॉलनी आहे, तीन गल्ल्या आणि एक डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. अर्धी कॉलनी अंगाला तेल-उटणं लावून बाथरूममध्ये, निम्म्यांच्या डोक्याला शिकेकाई, आणि अंधार. आण्णा वीस मिनिटांत आले. आण्णा म्हणजे आमचे वायरमन, नाव वेगळंय पण सगळी कॉलनी आण्णाच म्हणते. गाडी लावली, डीपीचा पुरवठा तोडणाऱ्या एबी स्विचचं हँडल खाली ओढलं, टेस्टरनं दोनदा बघितलं, मग पेटी उघडून जळालेला किटकॅट, म्हणजे फ्यूज, बाहेर काढला, तार जळून पार काळी पडलेली. मी शेजारी टॉर्च धरून उभा होतो, टॉर्चचा उजेड त्यांच्या तोंडावर गेला तेव्हा दिसलं की कानामागं उटणं तसंच आहे. वाळून पांढरं झालेलं. अभ्यंगस्नान अर्धवट सोडून, डोक्यावर हेल्मेट चढवून माणूस आला होता.

आणि गंमत म्हणजे चारच दिवस आधी आम्ही त्यांचा सत्कार केला होता. शाल, श्रीफळ, मिठाईचा बॉक्स, मंदिरात स्टेज वगैरे. त्या सत्काराला त्यांना तासभर बसवून ठेवलं कारण प्रमुख पाहुणे यायचे होते, आणि तो अख्खा तास त्यांचा फोन वाजत होता, दोन गल्ल्या पलीकडे कुणाची तरी सर्व्हिस वायर तुटलेली. शेवटी काखेत नारळ धरून तसेच पळाले.

त्यानंतर दरवर्षी थोडं थोडं सुधारत गेलो, अजून चुकतो, पण आता एक पद्धत बसलीय. बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितोय. सोसायटी, वाडी, चाळ कुठंही चालेल, माणसं बदलतील फक्त.

आधी आपली माणसं कोण ते शोधा

मुंबईत असाल तर शहरात बेस्ट, उपनगरात अदानी नाहीतर टाटा, भिवंडीत टोरंट, गोव्यात सरकारचं वीज खातं, आणि बाकी महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी महावितरण. जुनी माणसं अजून एमएसईबीच म्हणतात, पण वीज मंडळाचे ६ जून २००५ ला तुकडे झाले, निर्मिती वेगळी, पारेषण वेगळं, वितरण वेगळं. आपल्या दारात येतो तो वितरणवाला.

वीजबिल हातात घ्या. त्यावर ग्राहक क्रमांक, उपविभागाचं नाव आणि डीटीसीचा नंबर असतो. डीटीसी म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो ते रोहित्र. एवढं घेऊन शाखा कार्यालयात जायचं आणि विचारायचं की या डीपीवर कोण काम बघतं, आणि हा डीपी कुठल्या फीडरवर (उपकेंद्रातून निघणारी मोठी लाईन), कुठल्या उपकेंद्रावर आहे. पहिल्यांदा जरा संशयानं बघतील, कारण डीपीचा नंबर घेऊन येणारा माणूस सहसा भांडायलाच आलेला असतो. दिवाळीचं कारण सांगितलं की सुटतो प्रश्न.

आमची यादी केली तेव्हा कळलं की आम्ही ज्याला 'वायरमन' म्हणतो तो एक माणूस नाहीच. आण्णा आहेत, कायम नोकरीतले, कार्डावर तंत्रज्ञ असं काहीतरी लिहिलेलं, महावितरण त्यांना जनमित्र म्हणतं. त्यांच्यासोबत शिडी धरणारा पोरगा कंत्राटी. मग नवीन भरती झालेला विद्युत सहाय्यक. उपकेंद्रात पाळीनं बसणारे ऑपरेटर, त्यांचं तोंड आम्ही कधी बघितलंच नव्हतं. पावसाळ्याआधी लाईनीखालच्या फांद्या तोडणारी टोळी, ती पण ठेकेदाराची. मीटर रीडिंगवाला. आणि शाखा अभियंता मॅडम, ज्यांना वर्षभर फक्त शिव्यांचे फोन जातात.

दुसऱ्या वर्षी आम्ही चार बॉक्स नेले, चारही कायम कर्मचाऱ्यांना दिले, आणि शिडी धरणारा पोरगा तिथंच कोपऱ्यात हेल्मेट पुसत बसला होता. कुणाच्या लक्षातच आलं नाही. परत येताना बायको म्हणाली, "अहो, तो पोरगा राहिला की." त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, खरं सांगतो. म्हणून नियम केला, यादी करताना कंत्राटी पोरांची नावं वर लिहायची, कायमवाल्यांची खाली. पोलवर दोघंही चढतात, खाली पडलं तर दोघांचीही हाडं मोडतात, पगारात मात्र बराच फरक आहे.

कधी जायचं

धनत्रयोदशीच्या आठ-दहा दिवस आधी. दिवाळीच्या तोंडावर मेंटेनन्सची कामं काढलेली असतात, त्यामुळं मेंटेनन्सचा वार टाळायचा. पुण्यात गुरुवार ठरलेला असतो तसा तुमच्याकडचा विचारून घ्या. सकाळी दहाला जाऊ नका, तेव्हा कामाचं वाटप चालू असतं. साधारण चार-साडेचारला चहाच्या वेळी बरं पडतं.

दसऱ्याच्या आसपास जमलं तर अजून छान. खंडेनवमीला उपकेंद्रात आणि ऑफिसात हत्यारांची पूजा असते, पक्कड, रॉड, हँडग्लोव्हज, शिडी, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. आम्ही एका वर्षी फक्त झेंडूची टोपलीभर फुलं आणि आंब्याची पानं दिली, दीडशे रुपयांत काम झालं, आणि ऑपरेटर लोकांनी पॅनेलपर्यंत सगळ्या उपकेंद्राला तोरण लावलं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कार्यक्रम अजिबात ठेवू नका. सहा ते दहा या वेळात लोड सगळ्यात चढलेला असतो आणि ही सगळी माणसं ड्युटीवर असतात. तुमच्या हाराच्या वेळेला त्यांचा फीडर ट्रिप होतो.

काय द्यायचं, काय नाही

फराळ द्या, पण डब्यात. मिठाईच्या दुकानातली बर्फी दोन दिवसांत आंबते आणि यांना ती पण पंचवीस ठिकाणांहून येते. चिवडा, चकली, शंकरपाळी, बेसनाचे लाडू, टाइट झाकणाचा डबा, आणि डबा परत मागू नका. आम्ही घरटी एक पदार्थ ठरवून दिला, तरी सतरा जणांनी चिवडाच केला, तो वेगळा विषय.

रोख पैसे नको. सरकारी कंपनीतल्या माणसाला पाकीट दिलं की उद्या कुणीतरी फोटो काढणार आणि तोच अडचणीत येणार. दारूची बाटली देणारे महाभाग पण असतात, त्यांना एवढंच सांगा की त्या माणसाला कदाचित दोन तासांत पोलवर चढायचंय.

वस्तू द्यायची तर डोक्याला बांधायचा चार्जिंगचा टॉर्च सगळ्यात कामाचा. हात मोकळे राहतात. आण्णा आधी मोबाइल तोंडात धरून काम करायचे, मी बघितलंय. चांगला थर्मास चालतो, रेनकोट चालतो कारण हल्ली दिवाळीतही पाऊस पडतो.

आता एक महत्त्वाचं. बाजारातून सेफ्टीचं सामान घेऊन देऊ नका. आमच्यातल्या एकानं हौसेनं रबरी हातमोजे आणले होते, हार्डवेअरच्या दुकानातले, जाडजूड. आण्णांनी हातात घेतले, उलटे केले, आत-बाहेर बघितलं आणि म्हणाले, "साहेब, हे भांडी घासायला द्या घरी." विजेच्या कामाचे ग्लोव्हज ठरावीक व्होल्टेजला टेस्ट केलेले असतात, घरातले २३० व्होल्ट वेगळे आणि वरची ११ किंवा २२ केव्हीची लाईन वेगळी. साध्या रबरानं नुसता धीर येतो, संरक्षण काही मिळत नाही, आणि असला खोटा धीरच माणूस मारतो. तीच गोष्ट अॅल्युमिनियमच्या शिडीची, सोसायटीची शिडी प्रेमानं पुढं करू नका. स्टीलचं कडं, अंगठी, चेन असलं काही भेट देऊ नका. सेफ्टीचं सामान कमी पडतंय असं दिसलं तर कार्यालयाला लेखी कळवा, ते त्यांनीच द्यायचं असतं.

कंत्राटी पोरांसाठी एक छोटं काम करता येतं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाखांचं कव्हर मिळतं, १८ ते ७० वयाला, बँक खात्यातून आपोआप कापलं जातं, १ जून ते ३१ मे असं वर्ष. विचारा काढलाय का. आमच्या पोरानं काढला होता पण खात्यात पैसे नव्हते तेव्हा हप्ता कापलाच गेला नव्हता, म्हणजे विमा बंद. कॉलनीतल्या एका बँकवाल्या काकांनी बसून सगळं नीट करून दिलं. २० रुपयांचा मामला, पण शालीपेक्षा जास्त उपयोगाचा.

पत्र, ज्याला कुणी महत्त्व देत नाही

माझ्या मते सगळ्यात भारी भेट हीच. या माणसांच्या फाइलीत तक्रारीच तक्रारी असतात, कौतुकाचा कागद नसतोच. तो आपण टाकायचा. उपविभागाच्या उपकार्यकारी अभियंत्याच्या नावानं साधं पत्र, एक प्रत शाखेला, आणि आवक शिक्का मारून आपली प्रत परत घ्यायची. शिक्का विसरू नका, शिक्क्याशिवाय तो कागद रद्दीत.

"आपल्या शाखेचे कर्मचारी उत्तम सेवा देतात" असलं लिहू नका, ते कुणी वाचत नाही. तारीख, वेळ, जागा आणि काय केलं ते लिहा. आम्ही लिहिलेलं साधारण असं होतं:

"दि. अमुक रोजी रात्री ११ वाजता वादळात आमच्या गल्ली क्र. २ मध्ये झाडाची फांदी पडून तार तुटली. आपले कर्मचारी श्री. अमुक व बाह्यस्रोत कर्मचारी श्री. तमुक २५ मिनिटांत पोहोचले. त्यांनी आधी पुरवठा बंद करून घेतला, जमलेल्या लोकांना आणि लहान मुलांना लांब केले, आणि पावसात पहाटे २ पर्यंत काम करून लाईन चालू केली. कोणालाही इजा झाली नाही. याची नोंद त्यांच्या सेवेत घ्यावी ही विनंती."

खाली आठ-दहा जणांच्या सह्या, ग्राहक क्रमांकासकट. कंत्राटी पोराचं नाव असेल तर एक प्रत ठेकेदारालाही द्या. आमच्या पोरानं त्या पत्राचा फोटो आईला पाठवला, मग लॅमिनेट करून घरी लावलं म्हणे.

यासाठी वर्षभर टिपण ठेवावं लागतं. आम्ही कॉलनीच्या ग्रुपवर ठरवलंय, लाईट आली की 'आली आली' असे साठ मेसेज टाकण्याऐवजी एकानं लिहायचं, किती वाजता गेली, कोण आलं, किती वाजता आली. दिवाळीत तेच खाली काढायचं.

आता गिझर

उटण्याची गोष्ट झाली त्या दिवाळीनंतर मी आण्णांना विचारलं, फ्यूज नेमका त्याच दिवशी का उडतो. त्यांनी डायरीच्या मागं हिशोब मांडला. आमचा डीपी १०० केव्हीएचा, म्हणजे तीन फेजपैकी एका फेजला साधारण १३३ अँपिअर. एका गल्लीत वीस घरं, घरटी २ किलोवॅटचा गिझर, सगळे पहाटे साडेचारला चालू, ४० किलोवॅट. भागिले २३०, झाले १७४ अँपिअर. वर दिव्यांच्या माळा आणि पाण्याच्या मोटारी वेगळ्याच. एरवी कुणी सहाला आंघोळ करतं, कुणी नऊला, त्यामुळं जमून जातं. नरकचतुर्दशीला मात्र सूर्य उगवायच्या आत आंघोळ झाली नाही तर नरकात जायची भीती, त्यामुळं सगळी कॉलनी एकदम बाथरूममध्ये.

मग आम्ही हुशारी केली, गल्लीवार टाइमटेबल लावलं. पहिली गल्ली ४ ते ४:४५, दुसरी तिच्यानंतर, मग तिसरी. आण्णांना अभिमानानं दाखवलं तर ते हसायलाच लागले. म्हणाले, "आवो, एक गल्ली एका फेजवर हाय. पहिली गल्ली एकदम लावली तर त्यो फेज उडणारच की. एकाआड एक घर करा." डोक्यात प्रकाश पडला एकदम. आता प्रत्येक गल्लीत विषम नंबरची घरं ४ ते ५, सम नंबरची ५ ते ६. वीसच्या जागी दहा गिझर, म्हणजे ८७ अँपिअर. बसतं आरामात. तुमच्याकडं फेजची वाटणी वेगळी असेल, त्यामुळं आपल्या वायरमनला विचारूनच टाइमटेबल करा.

पहिल्या वर्षी भांडणं झाली, सम नंबरवाले म्हणाले आम्हीच का मागं. आता आलटून पालटून असतं. गेली दोन वर्षं फ्यूज उडालेला नाही. मागच्या दिवाळीत पावणेसहाला आण्णांचा फोन आला, मला वाटलं काय झालं बाबा, तर म्हणतात, "काय नाय, माझी आंघोळ झाली, म्हणलं सांगावं."

लोडचं अजून थोडं. आकाशकंदील आणि माळा एलईडीच्या घ्या, आणि जोड टेपनं नीट बांधा, उघडी वायर ग्रिलला गुंडाळू नका. माळ विजेच्या पोलला बांधू नका, वायरमनला चढताना ती तोडावी लागते. पोलवरून आकडा तर अजिबात नाही, चोरी तर आहेच, वीज कायद्याचं कलम १३५ लागतं, पण तोच आकडा अंधारात वायरमनच्या हाताला लागतो. डीपीच्या कुंपणात फटाक्यांचा कचरा टाकू नका, रॉकेट तिकडं तोंड करून लावू नका, डीपीत तेल असतं. जनरेटर लावणार असाल तर चेंजओव्हर स्विच (बाहेरची लाईन नाहीतर जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा) असल्याशिवाय घरच्या वायरिंगला जोडू नका. तो करंट उलटा लाईनीवर जातो, डीपीतून उलटा चढताना परत ११ हजार व्होल्ट होतो, आणि वर काम करणारा माणूस लाईन बंद आहे असं समजून हात लावतो. कॉलनीत कुणाकडं जनरेटर आहे हे आम्ही आण्णांना लिहूनच दिलंय.

लाईट गेलीच तर

आण्णांना साठ फोन करायचे नाहीत. १९१२ वर एकानं तक्रार नोंदवायची, ग्राहक क्रमांक देऊन, आणि ग्रुपवर टाकायचं की नोंदवलीय. वायरमनला एकच फोन, तोही काही उपयोगाची माहिती असेल तर. "लाईट कधी येणार" याचा त्याला काही उपयोग नाही. "देवळामागच्या पोलवर ठिणगी दिसली, मग अंधार झाला" याचा आहे, त्याचा अर्धा तास पेट्रोलिंगचा वाचतो. तार खाली पडली असेल तर लांब राहा, पोरांना आणि जनावरांना लांब ठेवा. ते काम करत असताना खाली उभं राहून सल्ले देऊ नका. टॉर्च धरा आणि गप्प राहा, मी तेवढंच शिकलोय.

उपकेंद्रातला माणूस

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फक्त एकाच ठिकाणी जातो आम्ही, दोघंच, उपकेंद्राच्या गेटवर. आधी फोन करून. गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही, यार्डात तर नाहीच नाही, पोरांना सोबत न्यायचं नाही. ऑपरेटरला दर तासाला मीटरची रीडिंग लॉगशीटवर लिहावी लागते, त्यामुळं तो उठून कुठं जाऊ शकत नाही, घर दोन किलोमीटरवर असलं तरी. मागच्या वेळी आठच्या ठोक्याला पोहोचलो, ऑपरेटर मॅडम ड्युटीवर होत्या, गेटवर येऊन डबा घेतला, "एक मिनिट हं" म्हणून परत आत गेल्या, खिडकीतून दिसत होतं, डाव्या हातात चकली आणि उजव्या हातानं आकडे लिहिणं चाललेलं. भाऊबीजेला पण त्यांचीच दुपारची पाळी होती. या वेळी कॉलनीतली दोन मुलं ओवाळून घ्यायला गेटवर जाणार आहेत, मॅडमना विचारून ठरवलंय, पाळी संपल्यावर.

त्यांच्या मागं अजून माणसं आहेत, ती आपल्याला भेटायची नाहीत. संध्याकाळी लोड चढला की कोयनेची मशिनं काही मिनिटांत चालू करता येतात, सगळे टप्पे धरून १,९६० मेगावॅटची क्षमता आहे तिथं, आणि कोणी किती चालवायचं ते ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रातून सांगतात. तिथंही दिवाळीला कुणीतरी बसलेलं असतंच. आमच्या कॉलनीतून कोयनानगर जवळ, म्हणून एकदा तिकडं पण डबे पाठवायचा उत्साह आला होता, पण सुरक्षेचं प्रकरण असतं, नाद सोडला. पोस्टकार्डं पाठवली शाळेतल्या पोरांनी, तेवढं पुरतं.

दिवाळी झाल्यावर

दिवाळी हुकली तर ४ मार्च धरा, त्या दिवशी देशभर लाईनमन दिवस पाळतात. नाहीतर मोठ्या वादळानंतर, पुरानंतर. २०२० च्या निसर्ग वादळात कोकणात हजारो पोल आडवे झाले तेव्हा बाकी जिल्ह्यांतून वायरमन तिकडं गेले होते, घरदार सोडून, कोरोनाच्या काळात. तुमच्याकडं असं कुणी बाहेरून आलं असेल तर पत्र त्यांच्या मूळ कार्यालयाला पाठवा, नाहीतर त्या कामाची तिकडं कुणाला खबरही नसते.

आणि यादी दरवर्षी नवीन करा. बदल्या होतात, ठेकेदार बदलला की कंत्राटी पोरं बदलतात किंवा नुसतीच घरी बसतात. आमचा शिडीवाला पोरगा आता दुसऱ्या शाखेला आहे, त्याचा डबा तिकडं पोचवायचं काम माझ्याकडं आलंय, आणि आण्णा पुढच्या मे मध्ये रिटायर होतायत. त्यांच्या पत्रासाठी चार वर्षांची टिपणं ग्रुपवरून काढायचं काम सम नंबरवाल्यांना दिलंय.